भिंतीवरचा रनवे

भुसारी सर कधी थेट खुर्चीत बसत नसत. ड्यूटी बदलताना आधीच्या माणसाकडून हेडसेट घ्यायचा, तो गळ्यात अडकवायचा आणि टॉवरच्या काचेपाशी जाऊन उभं राहायचं. मग रनवेच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत सावकाश मान फिरवायची आणि दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं. उजवं टोक मोकळं. मधे काही नाही. डावीकडे गवतात दोन कुत्री, बाहेरच आहेत. वर एक विमान, वळतंय. हे झाल्याशिवाय ते बूड टेकत नसत आणि दुसऱ्याला टेकू देत नसत. मी पहिल्याच दिवशी पुण्याचा शहाणपणा दाखवत सरळ जाऊन बसले, तर त्यांनी मला उठवलं.

"आधी बघ, मग बोल. नुसतं बोलायला काय, रेडिओपण बोलतो."

मला राग आला होता. माझी परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झालेली आणि हे गृहस्थ मला पहिलीतल्या पोरीसारखं खिडकीशी उभं करतात! पण पुढची सात-आठ वर्षं मी रोज तशीच उभी राहिले, आणि नंतर आलेल्यांना मीच उठवू लागले.

आमची धावपट्टी भोपाळच्या बाहेर, मंडीदीपच्याही पुढे. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. दिवसाकाठी मोजकी विमानं यायची. कधी चार इमलीतल्या, म्हणजे भोपाळच्या बड्या सरकारी वस्तीतल्या, एखाद्या साहेबांना घेऊन छोटं विमान उतरायचं, बाकी सगळ्या शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या. सर आणि मी दोघंही बाग सेवनियात राहायचो, त्यामुळे ऑफिसची गाडी आम्हाला बरोबरच उचलायची. सर मूळचे नागपूरचे. मराठीत बोलता बोलता हिंदीत शिरायचे आणि परत यायला विसरायचे. गाडीत पुढच्या सीटवर बसून ते ड्रायव्हरला समोरची वाहतूक ऐकवत राहायचे. ड्रायव्हर बिचारा "जी साब, दिख रहा है" म्हणून गप्प बसायचा.

टॉवरची काच ते स्वतः पुसायचे, ओल्या वर्तमानपत्रानं. शिपायानं पुसली की रेघा राहतात, असं त्यांचं म्हणणं. रनवेवरची जीप चालवणारे असलम भाई त्यांना खास भोपाळी ढंगात चिडवायचे, "को खां साब, काच पुंछ रहे हो कि चमका के बेचोगे?" सर हसायचे. पण जीप रनवेवर गेली की त्यांची नजर तिच्यावरून हलत नसे. जीप आत गेली की समोरच्या बोर्डावर लाल पट्टी लावायची आणि ती बाहेर पडलेली डोळ्यांनी दिसली की मगच काढायची. या नियमात त्यांनी कधी कुणाला सूट दिली नाही, स्वतःला तर नाहीच.

मग टॉवर बंद झाला. काचेच्या चौकटी सैल झाल्या होत्या, वाऱ्यानं सगळा मजला थरथरायचा. दुरुस्तीला काही महिने लागणार होते आणि तोवर आमचं बिऱ्हाड खाली, अग्निशमनाच्या गाडीशेजारी उभ्या केलेल्या एका पत्र्याच्या केबिनमध्ये आलं. तिथे एकच खिडकी होती, डावीकडे. तिच्यातून रनवेचा डावा अर्धा भाग दिसायचा. उजवीकडे नुसता पत्रा आणि पत्र्यापलीकडे विमानांचं हँगर. म्हणजे रनवेचं उजवं टोक आम्हाला दिसतच नव्हतं.

सरांनी पहिल्याच दिवशी तोड काढली. हँगरच्या कोपऱ्यावर एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा राहील. विमानाला उतरण्याची परवानगी देण्याआधी दर वेळी त्याला विचारायचं, आणि तो मोकळं आहे म्हणाला तरच पुढचं बोलायचं. नियम त्यांचाच होता आणि आम्ही सगळे तो पाळत होतो.

एके दिवशी सकाळी ड्यूटी घेताना सर नेहमीप्रमाणे उभे राहिले आणि उजवीकडून मान फिरवू लागले. उजवीकडे पत्रा होता, त्यावर कुणीतरी लावलेलं कॅलेंडर होतं. "उजवं टोक मोकळं," सर म्हणाले. मला हसू आलं. त्यांनाही आलं. मानेची सवय आहे, ती माझं ऐकत नाही, असं काहीतरी ते म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यावर विचारून घेतलं.

पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. काही दिवसांनी एक विमान उतरताना मी सहज त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पत्र्यावर होते आणि हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकत होते. सरकत सरकत ते खिडकीपाशी आले आणि त्याच क्षणी खिडकीत विमानाचं नाक आलं. जरा पुढे नाही, जरा मागे नाही. सर पत्र्यात विमान बघत होते.  आवाजावरून अंदाज येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण त्यानंतर मला त्यांच्याकडे बघितल्याशिवाय राहवेना. दर वेळी तेच. आणि कोपऱ्यावरच्या माणसाला विचारताना त्यांचा आवाज उडता यायला लागला होता. उत्तर आधीच ठाऊक असलेला माणूस विचारतो, तसा.

एकदा गाडीतून घरी येताना मी त्यांना सरळ सांगितलं, की सर, तुम्ही भिंतीकडे बघता, मला भीती वाटते.  ते हसून म्हणाले, "अगं, इतकी वर्षं बघतोय. भिंतीतूनपण दिसते मला धावपट्टी."

ते गमतीनं म्हणाले, हे मला कळलं. तरी त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

एप्रिल आला. गहू कापून झाले होते आणि आजूबाजूचे शेतकरी नरवाई जाळत होते. जळक्या धसकटांचा धूर रनवेवर पसरून राहायचा, गरम वाऱ्यानं केबिनचा पत्रा सारखा वाजायचा. त्या दुपारी उजव्या टोकाला एक घार मरून पडली होती. ती उचलायला असलम भाईंनी जीप न्यायची परवानगी मागितली. सरांनी दिली आणि स्वतःच्या हातानं बोर्डावर लाल पट्टी लावली. मी शेजारच्या खुर्चीवर फोनवर होते.

वर एक शिकाऊ मुलगी होती, पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन गेलेली. तिनं उतरण्याची परवानगी मागितली. सरांनी उजवीकडे मान वळवली. पत्र्यावरून त्यांची नजर सावकाश डावीकडे आली. मग त्यांनी हात पुढे करून लाल पट्टी काढली आणि मुलीला सांगितलं, रनवे मोकळा आहे, उतर.

मी फोन ठेवला. "सर, कोपऱ्यावर विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? जीप गेली ना बाहेर. आत्ता बघितली मी."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरोखरच बघितली होती. मी त्यांच्या समोरून हात घालून माइकचं बटण दाबलं आणि त्या मुलीला ओरडून सांगितलं, गो अराउंड, उतरू नकोस, वर जा.  मग इंजिनाचा आवाज वाढला आणि डोक्यावरचा पत्रा हादरला. त्यानंतर रेडिओवर असलम भाईंचा आवाज आला, नेहमीचा नव्हता तो. "साब, मैं तो अभी यहीं हूँ. मेरे सिर के ऊपर से निकल गई."

 सरांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला आणि उठून दाराशी जाऊन उभे राहिले.  मी कोपऱ्यावर विचारलं, जीप बाहेर येऊ दिली आणि मुलीला उतरवलं. ती खाली आल्यावर ओल्या आवाजात थँक यू म्हणाली. सर तिथेच उभे होते, तोंड पत्र्याकडे.

संध्याकाळी ते मला घेऊन आमचे इन्चार्ज शुक्ला साहेब यांच्याकडे गेले आणि झालं ते काही न वगळता सांगून टाकलं. शुक्ला साहेब भला माणूस. त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं. कुणाला काही झालेलं नाही, रिटायरमेंट तोंडावर आली आहे, तोवर रजा घ्या आणि टॉवर उघडला की या, वर गेल्यावर सब ठीक हो जाएगा, असं ते परोपरीनं समजावत राहिले. मलाही तेच हवं होतं. त्या खुर्चीशिवाय सरांचं काय होईल, याचा विचारही मला करवत नव्हता.

सरांनी मान हलवली. "वर गेल्यावर काच असेल, सब दिखेगा, मंजूर. पण मी बघतोय की मला आठवतंय, हे मला आता कळणार नाही शुक्लाजी. आज भी नहीं पता चला."

 सर त्या खुर्चीत पुन्हा बसले नाहीत. उरलेले दिवस त्यांनी हँगरच्या कोपऱ्यावर, उन्हात, टोपी घालून उभं राहून काढले. मी विचारायचे आणि ते सांगायचे. दर वेळी उत्तराला थोडा उशीर लागायचा. एकदा मी वॉकीटॉकी घेऊन दाराबाहेर जाऊन पाहिलं, तर उत्तर देण्याआधी त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि मग बघितलं.

टॉवर उघडला तेव्हा ते नागपूरला निघून गेले होते. नव्या काचा लख्ख होत्या. मी उभी राहून उजवीकडून मान फिरवली. रनवे या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता, ऊन होतं, कुठे काही हलत नव्हतं. अगदी रोजच्यासारखा. आणि तो रोजच्यासारखा आहे हे जाणवताच मी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि परत बघितलं. खाली जीप कुठे आहे हे मला दिसत होतं, तरी मी रेडिओ उचलून असलम भाईंना विचारलं.