तवांगकडची बातमी

शिवलीला कोल्हापूर-कुरुंदवाड एसटीवर कंडक्टर होती आणि तिचा नवरा मल्लेश अरुणाचलात, तवांगच्या सीमेवर जवान. डिसेंबरातल्या एका मंगळवारी भरल्या गाडीत कुणीतरी मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचली. चिनी सैनिकांशी झटापट झाली होती, आपले काही जवान जखमी होते.

"हानलं की चिन्यास्नी!" मागून एकजण ओरडला.

पाच दिवस मल्लेशचा फोन नव्हता. तरी शिवलीला तिकिटं देत पुढं सरकत राहिली, आणि एका म्हाताऱ्याला दोनदा तिकीट देऊन बसली.

सासूला, शांतादेवीला, रक्तदाबाचा त्रास. म्हणून घरी आल्या आल्या शिवलीलेनं केबलची वायर उपटली. "टीव्ही बिघडलाय, अव्वा." सासू जपमाळ घेऊन देवापुढं बसली. मल्लेशचा फोन लागतच नव्हता.

गुरुवारी दुपारी अनोळखी नंबर आला.

"मी बोलतोय. डावा हात मोडलाय, बाकी धड हाय."

"खरं सांगा, हातच न्हवं?"

"हातच गं. अव्वाला सांगू नगंस."

शांतादेवी मागंच उभी होती. "मला ठाव हाय समदं," ती म्हणाली. "देवळात बायका बोलत हुत्या. तुला घोर नगं म्हून गप बसले." तिनं फोन ओढून घेतला. "मल्ल्या, जेवतोस न्हवं?"

"जेवतोय की. प्लास्टर निघालं की परत वर, चौकीवर..."

फोन कटला. दोघी एकमेकींचा हात धरून खाली बसल्या. परत वर म्हणजे कधी, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.