फीत कापली, मग कुलूप लावलं

मैत्रिणींनो, रागाच्या भरातच लिहितेय.

आमच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात आज बायकांच्या टॉयलेटचं उद्घाटन झालं. त्याला जागा मिळेना, म्हणून माझ्या आईने मासे विकायची स्वतःची जागा सोडली होती. बाजार कमिटीवर आम्हा बायकांनीच निवडून दिलेल्या माझ्या सख्ख्या दादाने आज आईच्याच हातून फीत कापून घेतली.

दुपारी आई टॉयलेटला गेली, तर दाराला कुलूप! मी दादाला स्पीकरवर फोन लावला.

"आत बोटीची जाळी ठेवलीत. इतकी वर्षं काढलीत ना, अजून थोडी कळ काढा."

आई म्हणाली, "मंग माजी जागा परत दे."

त्याने फोन कट केला.

दादाने टाकलेल्या आईच्या फीत कापतानाच्या फोटोला तुम्ही सगळ्यांनी हार्ट दिलंय. आता सांगा, ते ठेवणार की काढणार?