दाजींचे आखूड हात

आमच्या दाजींइतकं मतदानाचं वेड घेतलेला माणूस निपाणीपासून बेळगावापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि त्या वेडापायी त्यांच्याइतकी शरम कुणी गिळली असेल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, कोगनोळीचे. इंग्रजांच्या राज्यात आता साध्या शेतकऱ्यांनाही मत मिळणार, अशी बातमी निपाणीच्या तंबाखूबाजारातून आली आणि त्यांना दुसरं काही सुचेना. "जो मत देणार न्हाई त्याला सरकारनं दंड कराय पायजे," असं ते न्हाव्यापुढं मान वाकवूनही बोलत. घरात तर तो कायदा लागूही झाला होता. आमटी की पिठलं, यावर सगळ्यांनी हात वर करायचे. गप्प बसेल त्याला कोरडी भाकरी. तान्ह्या लेकीचा हात आक्का उचलून धरायची. खुद्द दाजींचा हात वर आहे की खाली, हे मात्र निरखून बघावं लागे, कारण देवानं त्यांना हात लईच आखूड दिले होते.

त्या हातांनीच घात केला. मत सारा भरणाऱ्याला नाहीतर शिकलेल्याला; जमीन वडिलांच्या नावावर, तेव्हा मतासाठी सगळा भरवसा सातवी पास झाल्याच्या दाखल्यावर. तो घेऊन दाजी ऐटीत चावडीत गेले. मीही संगं होतो. तलाठ्यानं दाखला वाचून परत दिला. "मताला लागणारी एकवीस वर्सं भरत न्हाईत तुमची." कशी भरणार? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं झालं, असा मास्तरांचा हिशेब. दाजींचा हात आठव्या वर्षापर्यंत कानाला पोचलाच नाही, आणि पोचला तेव्हा मास्तरांनी वय पाच वर्षं लिहून टाकलं. "अवो, मला दोन लेकरं हायती!" दाजी कळवळले. तलाठी म्हणाला, "असत्याली की. कागदावर तुमीच लेकरू हायसा." सगळी चावडी हसली.

आणि नाव लागलं कुणाचं, तर आक्काचं! बाईला लिहिता-वाचता आलं की पुरे होतं, आणि चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून तिला अक्षरं दाजींनीच शिकवलेली. ती शाळेत कधी गेलीच नव्हती, त्यामुळं आमच्या वडिलांनी सांगितलं तेच तिचं वय खरं धरलं.

मतदानाच्या दिवशी दाजींच्या जागी मी असतो तर ताप आल्याचं सोंग करून पांघरूण ओढून पडलो असतो. दाजींनी गाडी जुंपली, गल्लीतली माणसं तिच्यात कोंबली आणि आक्काला घेऊन शाळेपाशी आणली. "काय अण्णा, मालकिणीचं बोट धरून आलासा व्हय?" गर्दीतून कुणीतरी दाजींना हाक दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजींनी मान वर केली नाही. पायरीवर आक्का थांबली आणि पदर सारखा करत हळूच म्हणाली, "कुणाला देऊ?"

गावभर उमेदवारांच्या कुंडल्या मांडत फिरणारा तो माणूस. पण दाजी हातातल्या कासऱ्याकडं बघत म्हणाले, "मला इचारू नगंस गं. मत तुझं हाय."

ती आत गेली, मत देऊन आली. पुढं कागदावर त्यांचंही वय भरलं, त्यांनीही मत दिलं. पण आक्कानं त्या दिवशी कुणाला दिलं, हे त्यांनी जन्मात विचारलं नाही. शरमेपायी की तत्त्वापायी, देव जाणे. दाजी गेल्यावर एकदा आक्का मला म्हणाली, "सांगायचं लई मनात हुतं रं. एकदा तरी इचारायचं हुतं त्यांनी."