बुटका बाक

"ऊठ. तुला बनवायला सांगितला, बसायला न्हाई."

मालक शांतपणे म्हणाले. ग्रामपंचायतीच्या अंगणात, सगळ्यांसमोर. मालक म्हणजे आमच्या गावचे मोठे हळदवाले; पंचायतही त्यांच्याच शब्दावर चालते. मी नुकत्याच बसवलेल्या पहिल्या बाकावरून उठलो. नवा बाक हलतो का, ते करणाऱ्यानं आधी स्वतः बसून पाहायचं, ही आमच्या कामातली रीत. एवढंच सांगायचं होतं. चांगला बाप्या माणूस मी, आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

बाक माझ्याच डोक्यातून आले होते. हिंगोलीत सिमेंटच्या कामावर मी साचे करायला शिकलो. गावासाठी मुद्दाम वेगळा साचा केला. पाठ कमानदार. कडा गोल, म्हणजे टवके उडत नाहीत. बैठकीत फटी, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. वर तांबडा रंग घोटलेला. उंचीचं माप मी माझ्या बाच्या गुडघ्यावरून घेतलं. मालकांच्या शेतात हळदीच्या कढया उतरवून त्याचे गुडघे गेलेत. जोर देऊन उठता यावं म्हणून दोन्ही बाजूंना टेकायला हात केले.

असे तीन बाक झाले. मग मालक म्हणाले, "चौथा बुटका कर. वीतभर. पाठ नको. तुमच्या वस्तीतल्या लोकांसाठी, तिकडं भिंतीकडंला."

आजकाल जात कुणी तोंडानं काढत नाही. माप सांगतात.

"उंच केला तर काय होईल?" मी विचारलं.

मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बाला विचारलं, "काय रे, चालंल ना तुला?"

बानं हात जोडले. "व्हय मालक. आमी खालीच बसत आलो. काही तकलीफ न्हाई."

आणि मी तो बाक केला. सळया मीच बांधल्या, काँक्रीट मीच ओतलं, वर ओली पोती मीच टाकली. या हातांना मी माफ केलेलं नाही.

साचा काढला त्या दिवशी मालकांनी बालाच बोलावलं. "बस, बघू दे."

बा बसला. गुडघे छातीला लागले. उठायला गेला तर उठता येईना. टेकायला काही नव्हतंच. दोनदा आपटला. तिसऱ्यांदा भुईवर हात टेकून जनावरासारखा चार पायांवर आला. उंच बाकांवरची माणसं खदाखदा हसली. एकानं मोबाइल काढला. आणि बासुद्धा हसला. त्यांच्याबरोबर, त्यांना बरं वाटावं म्हणून.

ते मला सहन झालं नाही. बाला उचलून उभं केलं आणि घण आणला. चार घावांत बाक फुटला, सळया बाहेर आल्या. माझाच माल, कुठं मारायचं ते मला ठाऊक.

"माजला रे तू," मालक म्हणाले. "आता या गावात काम कसं मिळतंय, बघतो."

वाटेत बा माझ्यावरच चिडला. "फोडला काहून? बुटका व्हता, पण आपला व्हता लेका."

मालकांच्या शब्दांपेक्षा हे जास्त लागलं. अख्ख्या जन्मात माझ्या बाला आपलं म्हणायला तेवढंच मिळालं होतं, आणि तेही त्याला उठू न देणारं.

गावात काम बंद झालं. होऊ दे. येत्या ग्रामसभेला मी बाला मधल्या उंच बाकावर बसवणार आहे. तो नको म्हणेल, गयावया करेल. तरी बसवणार. शेजारी मी बसेन. ज्याला उठवायचं असेल त्यानं अंगाला हात लावून उठवावं. नुसत्या शब्दानं मी आता उठत नाही.