न आलेल्या पावसाचा चिखल

वालेन्ती शुल्त्सला मोटरसायकल चालवता येत नव्हती. तो आयुष्यभर सायकलवरच फिरला. तरीही तोपोलिनमध्ये रविवारच्या सामन्याचा विषय निघाला की रायडरांच्या आधी त्याचं नाव निघायचं. रायडर ज्या मातीवर जिंकायचे आणि ज्या मातीवर आपटायचे, ती माती त्याच्या ताब्यात होती. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं.

तरुणपणी तो वीटभट्टीवर होता. मातीत किती पाणी आहे हे तिथे त्याचे हात शिकले. क्लबने त्याला ट्रॅकवर आणलं ते याच हातांसाठी. आमच्या खेळातल्या गाड्यांना ब्रेक नसतो आणि गिअर एकच असतो. चौघं एकदम सुटतात, प्रत्येक संघाचे दोन, चार फेऱ्या मारतात, आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक घसरवत, माती उडवत जातात. माती कोरडी पडली तर नुसती धूळ आणि ओली राहिली तर नुसती हाडं मोडणार. यांच्या मधलं जे काही असतं ते वालेन्तीला ठाऊक होतं. सामन्याच्या दिवशी तो सकाळी ट्रॅकभर चालायचा, दर दहा पावलांवर टाच रोवायचा, चिमूटभर माती बोटांत चुरडायचा, वास घ्यायचा. जिभेवरही ठेवायचा असं लोक सांगतात, पण मी ते पाहिलेलं नाही.

शर्यत सुरू झाली की तो दुसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला दाताळं घेऊन उभा राहायचा. आम्ही रायडरांकडे बघायचो आणि तो उडणाऱ्या मातीकडे. एकदा त्याची बायको मेलानियाने विचारलं, "कोण जिंकलं रे?" तर म्हणाला, "बाहेरची कड जिंकली." यावर ती म्हणाली, "आज रात्री बाहेरच्या कडेलाच जेवायला वाढायला सांग."

बावीस हंगामांत त्याच्या ट्रॅकपायी एकही सामना रद्द झाला नव्हता. पावसाने सात गेले, पण ते वरच्याचं काम असं तो टोपी काढून म्हणायचा. या बावीस वर्षांबद्दल तो स्वतः काही बोलत नसे. कोणी बोललं तर मात्र कान देऊन ऐकायचा आणि कोणी एकवीस म्हणालं तर दुरुस्त करायचा.

मी सांगतोय ते सत्याऐंशी सालातलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, दूधसंघाच्या कार्यालयात नोकरी करायचो आणि रविवारी क्लबचं दुसरं फाटक सांभाळायचो. ऑगस्टचा शेवट होता. वरच्या विभागात टिकायचं तर ग्राबोवोविरुद्धचा घरचा सामना निदान बरोबरीत सुटायला हवा होता. आणि आधीच्या रविवारी आमचे दोन चांगले रायडर एकमेकांत अडकून पडले होते. एकाचं डावं गळ्याजवळचं हाड मोडलं, दुसऱ्याचं उजवं. तीन आठवडे मिळाले असते तर दोघंही परत गाडीवर बसले असते.

शनिवारी सकाळी क्लबचे अध्यक्ष रोमुआल्द ट्रॅकवर आले. पोटावर हात फिरवत वालेन्तीच्या मागे मागे चालू लागले.

"मिस्त्री, रेडिओ ऐकलात? आज रात्री पश्चिमेकडून वादळ आहे म्हणे."

"ऐकलं."

"पाऊस पडला तर सामना पुढे जाईल."

"जाईल."

"पण थोडाच पडला तर? म्हणजे आपण आधीच जरा हात सैल सोडून पाणी मारलं, तर पावसाचं काम सोपं होईल, असं आपलं मला वाटलं."

वालेन्तीने टाच रोवली, माती पाहिली आणि म्हणाला, "अध्यक्षसाहेब, पावसाला मदत लागली तर तो सांगेल की मला. तुम्ही कशाला निरोप्या होताय?"

दुपारी तो सायकल काढून बहिणीच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, तिच्या गावी गेला. रात्री तिथेच राहणार होता. ट्रॅक त्याने हवा तसा करून ठेवला होता आणि ताडपत्री फक्त सुरुवातीच्या रेषेवर टाकली होती.

संध्याकाळी सहाला स्वयंसेवक अग्निशामक दलाचा प्रमुख कोर्नेल बंब घेऊन माझ्या फाटकाशी आला. मला म्हणाला, "सराव आहे, उघड." कसला सराव हे मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. मी फाटक उघडलं आणि दुसरीकडे बघत बसलो. त्यांनी दोन टाक्या रिकाम्या केल्या. ते गेल्यावर मी कुलूप लावून घरी गेलो.

तोपोलिनच्या स्टेडियमला फाटकं दोन आहेत आणि कुंपणातलं भगदाड एक. ते सगळ्या गावाला माहीत आहे. सातला त्या भगदाडातून अध्यक्षांच्या मेव्हण्याने नळी आत घेतली, बाहेर दुधाचा टँकर उभा करून. टँकरमध्ये अर्थात पाणी होतं. आठच्या सुमारास परसबागवाल्या बायका आल्या, ब्रोन्या त्यांची पुढारी. पाठीमागच्या बागांचा नळ त्यांनी उघडला आणि तासभर दुसऱ्या वळणाला पाणी पाजलं. गावात एवढी हिंमत आपल्याशिवाय कोणात नाही, असं त्या तिन्ही टोळ्यांना वाटत होतं. ओलं दिसत होतं, ते मिस्त्रीने आधीच मारलेलं पाणी असेल असं मागून आलेले समजले.

वादळ उत्तरेकडून निघून गेलं. तोपोलिनवर थेंबही पडला नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला वालेन्ती परतला. बुटांवर रस्त्याची धूळ होती. स्टेडियममध्ये आला तर पहिल्या वळणावर दोन बदकं पोहत होती. मेलानियाने मला नंतर सांगितलं की त्याने बदकांना हाकललंही नाही. सायकल वळवून थेट अग्निशामक केंद्रावर गेला आणि भोंगा दाबला.

गाव नेसत्या कपड्यांनिशी चौकात आलं. कोर्नेल एका पायात बूट घालून धावत आला.

"कुठे लागली आग?"

"आग नाही. पाणी लागलंय," वालेन्ती म्हणाला. "तुझं."

"मिस्त्री, आम्ही फक्त दोन टाक्या…"

"दोन टाक्यांत बदकं पोहत नाहीत."

मग अध्यक्षांचा मेव्हणा घसा खाकरला. त्याच्यानंतर ब्रोन्या म्हणाली, "आम्ही आपलं थोडंसं शिंपडलं," आणि तिच्या मागे सहा बायकांनी माना खाली घातल्या. कोर्नेल त्या सगळ्यांकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्हीसुद्धा?" हे त्याने इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारलं की दोघं-तिघं हसले.

वालेन्ती हसला नाही. "दोनला पंच येणार. रस्त्यावर धूळ, शेतात धूळ आणि आत तळं. तो आंधळा आहे का? पाणी मुद्दाम टाकलं म्हणून सामना ग्राबोवोला बहाल करेल आणि आपण खालच्या विभागात. आणि ट्रॅकच्या कागदावर सही माझी असते."

"आम्ही सांगतो ना, तुमचा संबंध नाही!" कोर्नेल म्हणाला.

"सांगून ट्रॅक सुकतो का? तोंड बंद ठेव आणि फावडं घे."

सहाला सगळे आत होतो. अध्यक्षांनी लाकडाच्या गिरणीतून भुसा मागवायला माणूस पाठवला होता, त्याला वालेन्तीने वाटेतूनच परत बोलावलं. "भुसा वरून कोरडा दिसतो आणि खाली पाणी धरून ठेवतो. गाडी गेली की सालीसारखा निघेल." आधी बायकांनी झाडूंनी साचलेलं पाणी आतल्या गवतावर लोटलं. मग त्याने चार जागी चर खणायला लावले. ट्रॅक्टरमागे शेतातला कुळव जोडून सगळी माती उघडी केली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

"बसायचं?" अध्यक्ष ओरडले. "घड्याळ बघा!"

"आता ऊन काम करतंय. तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात."

अध्यक्ष बाजूला झाले.

नऊच्या प्रार्थनेला लोक चिखलाच्या बुटांनीच गेले. फादर लाम्बेर्तनी प्रवचनात महापुरातल्या नोहाचं नाव घेतलं, पहिल्या रांगेतल्या कोर्नेलकडे पाहिलं आणि तिथेच संपवलं. इतकं छोटं प्रवचन गावाने आधी कधी ऐकलं नव्हतं. दहाला माती वरून पांढुरकी दिसायला लागली होती. वालेन्तीने शेडमधली कोरडी दगडाची भुकटी ढकलगाड्यांनी पसरली आणि म्हणाला, "आता गाड्या आणा. असतील तेवढ्या."

छोट्या फियाट, जुन्या सिरेना, बेकरीची गाडी, एक शववाहिका, सगळं आलं. मी फाटकावर मोजलं, त्रेचाळीस. आयुष्यभर ज्यांनी हा ट्रॅक नुसता कुंपणाबाहेरून बघितला होता ते आता डाव्या हाताला वळत त्याच्यावरून फिरत होते, आणि काय सांगू, एकाच्याही चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. बेकरीवाला खिडकीतून हात हलवत होता. बायका मुलांना मांडीवर घेऊन चौथ्यांदा गाड्यांत बसल्या होत्या. आपल्या दुसऱ्याच फेरीत फादर गाडी घेऊन बाहेरच्या कडेने शववाहिकेला ओलांडायला निघाले.

"फादर, रांगेत!" वालेन्ती दाताळं उगारून ओरडला.

"जागा होती, मिस्त्री!"

"जागा सैतानालाही दिसते!"

साडेबारापर्यंत ट्रॅक दाबला गेला, फक्त दुसऱ्या वळणाची बाहेरची कड सोडून. ब्रोन्याच्या नळाचं सगळं पाणी तिथे मुरलं होतं. वालेन्तीने टाच रोवली तर बूट अर्धा आत गेला. कुंपणालगत दोन हात रुंद, वीस पावलं लांब एवढाच तो तुकडा होता. पण भरधाव रायडर तिथे पोहोचला तर थेट कुंपणावर. वालेन्तीचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला मी पाहिला. ब्रोन्या जवळ येऊन म्हणाली, "मिस्त्री, मला मारा."

"वेळ नाही," तो म्हणाला. "वीटभट्टीवर जा. फुटक्या विटांचा चुरा आणा, भट्टीच्या आतला, गरम असेल तर उत्तम."

चिखल खणून काढला, चुरा भरला. पण आता तो दाबायचा कसा? गाडी घातली असती तर रुतली असती, रोलर तर नक्कीच. वालेन्तीने चुऱ्यावर टाच आपटून पाहिली आणि तो कोर्नेलकडे वळला.

"तुमचा बँड कुठाय?"

अग्निशामक दलाला आग विझवता येते की नाही यावर गावात दोन मतं होती, पण त्यांच्या बँडबद्दल एकच. पाच मिनिटांत तुताऱ्या आणि मोठा ढोल वळणावर आला.

"पोल्का," वालेन्ती म्हणाला. "आणि सगळ्यांनी टाच टेकवून. चवड्यावर नाचणारा बाहेर."

मग पाऊण तास गाव नाचलं. खांद्याला खांदा लावून, वीस पावलं जायचं, वीस पावलं यायचं. थकलेले बाजूला होत, दुसरे आत शिरत. अध्यक्षांचं वजन बघून वालेन्तीने त्यांना सगळ्यात मऊ जागी उभं केलं आणि तिथून हलू दिलं नाही. घामाने त्यांचा शर्ट चिकटला होता. ते ओरडले, "मिस्त्री, हा सूड आहे!" वालेन्ती म्हणाला, "हो. टाच टेकवा." गळ्याजवळचं हाड मोडलेले दोघंही आले, एक डावा हात झोळीत, एक उजवा. दोघांनी मिळून एक माणूस होतोय म्हणत एकमेकांना धरून नाचले.

दोनला पंच आला. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याने ट्रॅकभर चालत टाच रोवली. दुसऱ्या वळणावर थांबला, वाकला, विटांचा लाल चुरा बोटांनी खरवडला. तो निघेना. मागे तीनशे माणसं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून उभी होती.

"इथे काय केलंत?" त्याने विचारलं.

"नाचलो," वालेन्ती म्हणाला.

पंचाने त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या बुटांकडे. "एक गाडी घाला. चार फेऱ्या, पूर्ण वेगाने, बाहेरच्या कडेने."

इग्नात्सी पुढे आला. एकोणचाळीस वर्षांचा, आमच्या संघातला सगळ्यात म्हातारा रायडर. त्याने वालेन्तीला विचारलं, "धरेल?"

"तुला वाटत नसेल तर नको बसू."

"मी तुम्हाला विचारतोय."

वालेन्तीने ओठ चावला. "धरेल."

गाडी ढकलून सुरू केली. इंजिनातल्या एरंडेल तेलाचा तो ओळखीचा गोड धूर पसरला. पहिल्या फेरीत इग्नात्सी कडेपासून जरा आत राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने गाडी थेट लाल पट्ट्यावर घातली. मागच्या चाकाने विटांचा चुरा कुंपणावर फेकला, गाडी एका क्षणासाठी दचकली आणि पुढे अशी सुटली की आमच्यातल्या कुणी श्वास सोडायच्या आत ती सरळ रेषेवर होती. चौथी फेरी संपल्यावर पंचाने खिशातून पेन काढलं. "पाच वाजता," म्हणाला. त्या आरडाओरडीत ढोलवाल्याने ढोल फोडला.

इग्नात्सीला मात्र त्या चार फेऱ्यांत एक गोष्ट कळली होती. लाल पट्ट्यावर चाक माती धरत होतं, आतल्या कडेपेक्षा जास्त. ग्राबोवोच्या रायडरांना तो तुकडा संशयास्पद वाटला. सामनाभर ते आतल्या बाजूने गेले आणि आमचे म्हातारे-कोतारे कुंपणाला घासत त्यांना ओलांडत राहिले. तरीही संघ लंगडाच होता. शेवटच्या शर्यतीआधी आम्ही एक्केचाळीस, ते त्रेचाळीस. त्या शर्यतीत इग्नात्सी पहिल्या वळणावर तिसरा होता, दुसऱ्या वळणावर पहिला, आणि शेवटपर्यंत पहिलाच. आमचा दुसरा रायडर तिसरा आला. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पंचेचाळीस–पंचेचाळीस. बरोबरी झाली, आणि आम्हाला बरोबरीच पुरेशी होती.

लोकांनी कुंपण ओलांडून ट्रॅकवर उड्या मारल्या. आधी इग्नात्सीला उचललं, मग कुणीतरी ओरडलं, "मिस्त्रीला!" कोर्नेल आणि अध्यक्षांच्या मेव्हण्याने त्याला खांद्यावर घेतलं. तो दाताळं सोडायला तयार नव्हता, म्हणून दाताळ्यासकट घेतलं. बँड पुढे, आम्ही मागे, सगळी मिरवणूक डावीकडे वळत निघाली. मेलानिया बाजूने चालत ओरडत होती, "हस की जरा, बावीस वर्षं टिकली तुझी!"

"तेविसावं चालू आहे," तो वरून म्हणाला.

दुसऱ्या वळणावर त्याने कोर्नेलच्या डोक्यावर टपली मारली.

"थांब. उतरव मला."

"काय झालं?"

"खड्डा पडलाय."

त्याला उतरवावंच लागलं. तो गुडघ्यावर बसून हाताने चुरा गोळा करत होता आणि बँडसकट सगळं गाव तो खड्डा बुजेपर्यंत तिथेच उभं राहिलं.