डाव्या बाजूचा नट

पप्पांच्या मोटारसायकलला परक्या माणसाचा पाना कधी लागला नव्हता. तीस वर्षं मानपाड्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून काढल्यामुळे गॅरेजवाला त्यांच्या लेखी कसाई होता. चेन असो, प्लग असो, ब्रेकचे लायनर असोत, सगळं रविवारी सकाळी आमच्या कोपरच्या बिल्डिंगखाली, पाण्याच्या पंपाशेजारी व्हायचं. मी लहानपणी हाताखाली उभी असायचे. दहाचा पाना मागितला की दहाचाच द्यायचा, चुकला तर ते काही न बोलता हात तसाच पसरून ठेवायचे. पुढे मी लॅब टेक्निशियन झाले, रक्ताच्या बाटल्या आणि रिपोर्ट यांत रमले आणि पाने विसरले. मी अजून आईपप्पांजवळच राहते. का, ते इथे महत्त्वाचं नाही.

मागच्या वर्षी पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले ते तीनच शब्द: ‘हो’, ‘नाय’ आणि एक शिवी. ती शिवी मात्र इतकी स्वच्छ यायची की वॉर्डातल्या सिस्टर तोंड फिरवून हसायच्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पहिले सहा महिने मोलाचे, जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं, म्हणून व्यायाम एक दिवसही चुकवू नका. आणि दुसरं, त्यांचा डाव्याउजव्याचा गोंधळ होईल, आपण बोललेलं सगळं कळेलच असं धरू नका. मी दोन्ही गोष्टी रिपोर्ट वाचावा तशा वाचल्या. छापील आकड्यावर विश्वास ठेवायची मला नोकरीनेच सवय लावली आहे.

व्यायामाचं सेंटर ठाकुर्लीला. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये पप्पा. एका गतिरोधकावर रिक्षा आपटली, पप्पा पुढे कलंडले आणि त्यांना बसल्या जागी लघवी झाली. रिक्षावाला भला माणूस होता. आम्ही उतरल्यावर त्याने फडकं काढून सीट पुसली, एवढंच. पण पप्पा ते पुसणं शेवटपर्यंत बघत होते.

त्यानंतर ते रिक्षात बसेनात. दारापर्यंत आणलं की डाव्या हाताने सेफ्टी डोअरची चौकट धरायचे. त्या एका हातात इतका जोर होता की आई, मी आणि शेजारचे काका मिळूनही तो सुटायचा नाही. मोबाइलवरून गाडी बोलावली, तिलाही ‘नाय’. घरी येणारा एक फिजिओ मिळाला, तो दोन आठवडे आला आणि त्याला पुण्याला नोकरी लागली. असे करता करता सहा महिन्यांतले दोन संपले. मी रोज सकाळी कॅलेंडरकडे बघून चिडायचे आणि मग आईवर ओरडायचे, तिचा काही दोष नसताना.

एका रविवारी मी त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवत होते. आमचं घर तळमजल्यावर, गॅलरीच्या जाळीसमोर हातभर अंतरावर त्यांची मोटारसायकल उभी. मी वैतागून म्हटलं, मग काय, माझ्यामागे गाडीवर बसून येणार का? पप्पांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो.”

मी गंमत करत होते, ते करत नव्हते. मी सेंटरमधल्या बाईंना विचारलं. त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या की अगदीच इलाज नसेल तर मागे टेकायला पाठ हवी, कमरेला पट्टा हवा, उजवा पाय लटकता कामा नये, आणि धक्के अजिबात बसता कामा नयेत. म्हणजे नवी लांब सीट, पायाखाली रुंद पाटी आणि मागचे दोन्ही शॉकअप नवे. जुने शॉकअप कधीच आखडले होते, डोंबिवलीतला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवायचे. मी सामान मागवलं. आईच्या आग्रहाने नाक्यावरचा मेकॅनिकही आणला. त्याने गाडीला हात लावला मात्र, गॅलरीतून ‘नाय, नाय’ सुरू झालं आणि पप्पा स्टीलच्या पेल्याने जाळी बडवू लागले. मेकॅनिक हात पुसत निघून गेला. राहिले मी.

इथे त्या रंगाबद्दल सांगायला हवं. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवडाभर आधी पप्पा गाडी रंगवायला काढायचे. मिरवणुकीपुढे मोटारसायकलींची रॅली असायची, आणि पांढरे कपडे, निळा झेंडा नि खाली गंजकी गाडी हे त्यांना सहन व्हायचं नाही. टाकी काळी, आणि बाकी जे जे लोखंड दिसेल त्याला ब्रशने चंदेरी रंग. नट-बोल्टसुद्धा सुटायचे नाहीत. नटावर रंग चढवू नये हे फिटरला कोणी सांगायला नको, पण जयंतीपुढे त्यांच्यातला फिटर गप्प बसायचा. सतरा-अठरा वर्षांचे थर त्या नटांवर बसले होते आणि थरांच्या आत कोपरच्या खाडीची खारी हवा आपलं काम करत होती.

पहिल्या रविवारी सीट निघाली. दोन बोल्ट होते, चार तास गेले. आधी जुन्या ब्लेडने रंग खरवडायचा, मग गंजावरचा स्प्रे मारायचा, थांबायचं, हातोडीने हलके ठोके द्यायचे, मग पाना. पप्पा जाळीमागून बघत होते. मी पेटीत पाना शोधू लागले की ते डाव्या हाताची बोटं दाखवायचे. पाच आणि पाच, दहाचा. मला इतका आनंद झाला की मी आईला बाहेर बोलावून दाखवलं. पण दुसऱ्या रविवारी, पायाची पाटी बसवताना, त्यांनी दहा दाखवले आणि लागला बाराचा. परत दहा दाखवले, परत बाराचाच लागला. माझा आनंद उतरला. मी मनात नोंद केली, कधी बरोबर, कधी चूक, भरवसा नाही.

तिसरा रविवार शॉकअपचा. मी सेंटरमध्ये सोमवारची वेळ घेऊन ठेवली होती, लॅबमध्ये रजा टाकली होती, आईने कमरेचा पट्टा शिवून ठेवला होता. खालचे बोल्ट दुपारपर्यंत निघाले. वरचे दोन नट मात्र हलेनात. वरच्या बाजूला शॉकअप ज्या खुंटावर बसतो तो गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेला असतो, आणि नट त्या खुंटावर. मी डावा नट धरला. स्प्रे संपवला. पाना घसरून हाताची साल निघाली. मग आईने धुण्याच्या दोरीजवळचा लोखंडी पाइप आणून दिला, तो मी पान्याच्या दांड्यावर चढवला, म्हणजे जोर वाढतो.

पप्पांनी जाळीवर टकटक केलं. मी मागे वळले. ते डावा हात पुढे करून हवेत पाना फिरवल्यासारखं करत होते, उजवीकडे. घड्याळाचा काटा जातो तसा. नटासमोर मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, आम्हा दोघांचं तोंड एकाच दिशेला, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. ती आवळायची दिशा होती. मी समजावून सांगितलं की पप्पा, उलटं, नट सोडायचाय. ते ‘नाय’ म्हणाले आणि परत उजवीकडे हात फिरवला, या वेळी अगदी थोडा, चिमूटभर. मग थांबून डावीकडे. मग परत उजवीकडे चिमूटभर. मी बघितलं ते एवढंच की त्यांचं उजवं-डावं एकमेकांत मिसळलंय. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. उजव्या हाताचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताने पाना दाखवतोय, तो उलटाच दाखवणार, असंही मी धरलं. लॅबमध्ये अशी कारणं मला छान सापडतात.

ते थांबेनात. जाळी बडवायला लागले, ती स्वच्छ शिवीसुद्धा दिली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. माझ्या हातातून रक्त येत होतं, दुपार टळत होती. मी उठून जाळीशी गेले आणि लहान मुलाला दटावावं तशा आवाजात म्हणाले, “पप्पा, तुम्हाला आता यातलं काही कळत नाही. गप्प बसा जरा.”

ते गप्प बसले. हात मांडीवर ठेवला. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली.

मी परत येऊन पाइपावर दोन्ही हातांनी भार टाकला. काहीतरी हललं, मला वाटलं सुटला. मग कट्कन आवाज झाला आणि पाना, पाइप, मी, सगळे पंपाच्या कट्ट्यावर जाऊन आदळलो. नट सुटला नव्हता. खुंटच नटासकट तुटून आला होता. सांगाड्यावर नुसती एक चकचकीत गोल जखम राहिली होती, नखाएवढी. मी पप्पांकडे बघायचं टाळलं.

सोमवारी सेंटरला फोन करून वेळ रद्द केली आणि तो तुटका तुकडा कागदात बांधून मानपाड्याला एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथे एक म्हातारे कारागीर लेथवर होते. त्यांनी तुकडा उजेडात धरला, तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. म्हणाले, सांगाडा पूर्ण उघडून आणावा लागेल, इंजिन उतरवून, मग नवा खुंट वेल्ड करू, पण माणूस मागे बसवणार असाल तर मी हमी देणार नाही. मी विचारलं, माझं चुकलं कुठे. त्यांनी विचारलं की सोडायच्या आधी आवळून बघितला होता का. मला प्रश्न कळला नाही.

“जाम नट आधी जरासा आवळायचा, ताई,” ते म्हणाले. “चिमूटभर. त्याने आतला गंज तुटतो. मग सोडायचा, परत आवळायचा, परत सोडायचा. असं चाळवत चाळवत काढायचा असतो. कुठल्याही जुन्या फिटरला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.”

हे सांगताना त्यांचा हात हवेत फिरत होता. उजवीकडे थोडा, डावीकडे, उजवीकडे थोडा. मी तिथल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की काही गेलेलं नाही. खुंट गेला, पप्पा तर आहेत, आणि आहेत ते अख्खे आहेत, हे आता मला माहीत होतं. उजव्या बाजूचा नट अजून तसाच होता. तो त्यांनी सांगितल्याप्रमाणे काढायचा, त्यांच्या देखत, म्हणजे त्यांना कळेल की मला कळलं. मी चप्पलसुद्धा न काढता पाना घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर बसले. पाना त्यांच्या डाव्या हातात दिला. तो त्यांनी धरला नाही, मांडीवर तसाच राहू दिला. मग मीच तो घेऊन हवेत उजवीकडे फिरवला आणि विचारलं, असा ना पप्पा? आधी असा?

“हो,” ते म्हणाले.

मला रडूच आलं. पण मी ज्या नोकरीत आहे तिथे कुठलीही तपासणी एकदा करून भागत नाही. मी पाना डावीकडे फिरवला, जोरात, पूर्ण, जसा मी काल फिरवला होता. असा?

“हो.”

मी परत उजवीकडे विचारलं. हो. डावीकडे. हो. पाना उलटा धरून विचारलं. त्यालाही हो. ते माझ्याकडे बघतही नव्हते, टीव्ही बघत होते, आणि टीव्ही बंद होता. मी आईला हाक मारली आणि तिला विचारायला लावलं की भाजी अळणी झाली होती का. हो. खारट झाली होती का. हो.

त्या आठवड्यात मी पुन्हा रिक्षा बोलावली. सवयीने शेजारच्या काकांनाही बोलावून ठेवलं होतं, पण त्यांची गरज पडली नाही. पप्पांनी चौकट धरली नाही. आम्ही बसवलं तसे बसले. आई खूश झाली, आपलं ऐकायला लागले म्हणाली. सेंटरमधल्या बाईंनी त्यांचा हात उचलला तर उचलू दिला, सोडला तर पडू दिला. आता आम्ही एक दिवसही चुकवत नाही. सहा महिने उलटून गेलेत, हातापायात काहीही आलेलं नाही, पण पेशंट फार शांत आहेत, फार सहकार्य करतात असं त्या दर वेळी सांगतात. फाइलवरही तसंच लिहितात. ‘नाय’ हा शब्द मी त्या रविवारनंतर ऐकलेला नाही. शिवीही नाही.

परवा येताना रिक्षा पुन्हा एका गतिरोधकावर आदळली. पप्पा माझ्या खांद्यावर कलले आणि तसेच राहिले, सावरायला गेले नाहीत. त्यांचा कान माझ्या तोंडाजवळ होता. इतके दिवस जे जमत नव्हतं ते मी तेव्हा म्हटलं, “पप्पा, तुम्ही बरोबर होतात. मी चुकले.”

“हो,” ते म्हणाले.