गुऱ्हाळाला गेलो नाही ते साल

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावात दुसरा बी.ए. नव्हता, आणि हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. कोल्हापुरात तेलाची इंजिनं करणाऱ्या एका कारखान्याला पत्रव्यवहारासाठी कारकून हवा होता. मालकांनी पदवीचा कागद बाजूला सारला, इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं, बरं आहे म्हणाले आणि गाव विचारलं.

गाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. आमच्या गावचे तिघे पूर्वी त्यांच्याकडं लेथवर होते. कामाला चोख. पण दिवाळी झाली, ऊस तोडायला आला की तिघंही गुऱ्हाळासाठी घरी. एक तर अर्धवट कातलेला दांडा लेथवर तसाच ठेवून गेलता. मालक तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हते.

"पावणं, तुम्ही ऱ्हाणार का जाणार, हे मला आज कसं कळावं? मला तुमचं गाव तेवढं ठावं हाय."

शेवटी हंगामी म्हणून घेतलं. गुऱ्हाळं संपेपर्यंत टिकलो तर कायम.

पत्रांबरोबर तपासणीची वहीही माझ्याकडं आली. प्रत्येक इंजिन बाहेर पडण्याआधी दिवसभर चालवून बघायचे. किती तापतं, कुठं गळतं, ते मी लिहायचो. एका साच्यातून निघालेली दोन इंजिनंसुद्धा मालक सारखी धरत नसत.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांना मी सांगून ठेवलं, यंदा बोलवू नका. मी टिकलो तर आपल्या गावच्या पोरांना तिथं दार उघडंल. आबा बरं म्हणाले. आमच्यात गुऱ्हाळाला पैरा असतो. एकमेकांच्या गुऱ्हाळावर घरटी एक जाणता गडी द्यायचा, तेव्हा आपल्याकडं माणसं येतात. माझ्या जागी साठीचे आबा सगळ्यांकडं राबले.

माघात एका दुपारी चुलते कारखान्याच्या फाटकाशी आले. उसाच्या रसाची काहील, ती भली मोठी कढई, चुलवाणावरनं उतरवताना उचलायच्या दांड्याला एक माणूस कमी होता. आबांनी हात लावला, पाय घसरला आणि उकळता रस गुडघ्यापासून खाली सांडला.

"चल की," चुलते म्हणाले. "उद्याच्या आधणाला तुमच्या घरचा माणूस न्हाय."

मालक खिडकीतून बघत होते. मी चुलत्यांना म्हणालो, रविवारी येतो. ते थोडा वेळ माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं बघत राहिले. मग "बरं हाय सायब," म्हणून गेले.

चैत्रात मला कायम केलं. त्याच आठवड्यात मी चुलत्यांच्या थोरल्याला मालकांसमोर उभा केला. इचलकरंजीत दोन वर्षं लेथ चालवलेला, हात चांगला. मालकांनी गाव विचारलं आणि त्याला लेथपाशी जाऊसुद्धा दिलं नाही. मी म्हणालो, एक दिवस चालवून तरी बघा. इंजिन बघता तसं.

"तुमची गोष्ट येगळी," मालक म्हणाले. "बाप भाजला तरी हलला न्हाईसा. तुमच्यासारखा त्या गावात दुसरा न्हाय."

ते कौतुकानं म्हणाले. खरं सांगायचं तर क्षणभर मला ते गोड लागलं. चुलतभाऊ शेजारीच उभा होता.

घरी गेलो तेव्हा आबा सोप्यात पाय लांब करून बसले होते. कातडी आखडून गुडघा वळायचा थांबला होता. त्यांनी पहिलं हेच विचारलं, घेतला का त्याला? न्हाय म्हटलं.

"मग तू कुणासाठी ऱ्हायलास रं?"

पुढच्या साली मला रीतसर रजा मिळत होती. काढलीही. पण आदल्या साली आमच्या घरनं अर्ध्या हंगामानंतर गडी गेला नव्हता, म्हणून आमच्याकडं कोणीच आलं नाही. आमचं गुऱ्हाळ लागलंच नाही.